टॅली आहे, एक्सेल आहे, मग ईआरपी कशाला?

मागच्या अंकात धंदा वाढला की हिशोब का बिघडतो यावर दोन ओळी लिहिल्या होत्या आणि ईआरपीबद्दल (एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, म्हणजे खरेदी, स्टोअर, प्रोडक्शन आणि अकाउंट सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये) काही विचारायचं असेल तर कळवा असं म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीगच लागला. बहुतेक आपल्याच पट्ट्यातली, रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट, तळोजा. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, कारण अर्ध्या पत्रांत मालकांबद्दल तक्रार आहे आणि उरलेल्या अर्ध्यात स्टाफबद्दल.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनलच्या बॉक्सचं काम आहे. आधी ३-४ कोटींचा धंदा होता, आता ११ च्या पुढे गेलाय, शेजारचा गाळाही घेतला. अकाउंट टॅलीत, स्टोअर एक्सेलमध्ये, परचेस मी स्वतः फोनवर आणि वॉट्सअॅपवर करतो, प्रोडक्शन धाकटा भाऊ बघतो, त्याची डायरी आहे. मुलगा म्हणतो ईआरपी घ्या. सीए म्हणतात टॅलीत सगळं होतं, उगाच खर्च कशाला. कोणाचं ऐकू? खरं सांगायचं तर ४ कोटींचा धंदा होता तेव्हा मला जास्त माहिती होती, आता शीट किती शिल्लक आहे विचारलं तर तीन जण तीन आकडे सांगतात.

उत्तर : दादा, तीन जण तीन आकडे सांगतात आणि गंमत म्हणजे तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतं. तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. १.२ एमएमची सीआरसीए शीट (पोलादी पत्रा), २५०० बाय १२५० ची, एका शीटचं वजन साधारण २९.४ किलो. तुम्ही फोनवर ४० शीट सांगितल्या, रेट ठरला समजा ६८ रुपये किलो. टेम्पो आला, वॉचमनने गेटच्या रजिस्टरला लिहिलं शीट ४० नग. स्टोअरवाल्याने मोजून एक्सेलला ४० टाकले. सप्लायरचं बिल मात्र किलोत येतं, काट्याच्या पावतीप्रमाणे ११८० किलो, ते टॅलीत गेलं. भावाच्या डायरीत शीटही नाही आणि किलोही नाही, तिथे फक्त ३६ बॉक्स झाले एवढंच. कटिंगनंतरचं भंगार परत किलोत, ते भंगारवाला शनिवारी उचलतो आणि ते पैसे कुठल्या खात्यात जातात हे मी विचारत नाही. आता मार्चला स्टॉक काढायला बसलात की टॅली म्हणतं ६ टन शिल्लक आणि स्टोअर म्हणतं १४० शीट, म्हणजे ४.१ टन. मधले १.९ टन गेले कुठे? रिजेक्ट होऊन परत गेले असतील, भंगारात गेले असतील, रात्रपाळीत स्लिप न लिहिता वापरले असतील, नाहीतर आलेच नसतील. सहा-आठ महिन्यांनी ते कोणालाही शोधता येत नाही, मग सगळे मिळून एक आकडा ठरवतात आणि ताळेबंदात घालतात.

एकाच लग्नात आहेर लिहायला चार जण चार वह्या घेऊन बसले की रात्री जे होतं तेच हे. ईआरपीत वही एकच असते, बाकी त्यात जादू काही नाही. तुम्ही पीओ (परचेस ऑर्डर) टाकलात की तोच पीओ गेटला दिसतो, माल आला की त्याच पीओवर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होतो, आयटमला किलो आणि नग अशी दोन्ही मापं जोडलेली असतात त्यामुळे स्टोअरवाला ४० टाकतो आणि ११८० किलो आपोआप बाजूला उभे राहतात, क्वालिटीवाल्याने ३ शीट गंज म्हणून बाजूला काढल्या तर ३७ च स्टॉकला जातात, आणि बिल आलं की अकाउंटवाल्याला समोर पीओचा रेट, जीआरएनची क्वांटिटी आणि बिल अशा तीन गोष्टी एका स्क्रीनवर दिसतात. आज काय होतं? तुम्ही ६८ ठरवलात ते तुमच्या डोक्यात. बिल आलं ७१ ने. अकाउंटच्या मुलीला ६८ कोणी सांगितलंच नाही, तिने पास केलं. ११८० किलोवर ३ रुपये म्हणजे ३,५४० रुपये, एका बिलात. सप्लायर चोर आहे असं मी म्हणत नाही, त्याच्याकडेही कोणीतरी जुनं रेट कार्ड उघडून बिल बनवलेलं असतं.

सीएंचं म्हणणं चूक नाही हं. टॅलीत गोडाऊन आहे, बीओएम (एक वस्तू बनवायला काय किती लागतं त्याची यादी) आहे, जॉबवर्क (बाहेरून करून घ्यायचं काम) आहे, आणि आपल्याकडच्या निम्म्या लोकांनी त्यातलं अर्धंही कधी चालू केलेलं नसतं. पण सीएंना तुमचा धंदा बिलापासून पुढे दिसतो आणि तुमचा गोंधळ बिलाच्या आधी होतो, गेट ते स्टोअर ते शॉपफ्लोअर या पन्नास पावलांत. तिथे टॅली उघडून बसणारा कोणी नसतो, सगळं संध्याकाळी ऑफिसात येऊन एकदम टाकलं जातं.

आणि हे सॉफ्टवेअर मुळात जन्मलंच कारखान्याच्या स्टोअरमध्ये, अकाउंटमध्ये नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांनी कॉम्प्युटरवर हिशोब मांडायला सुरुवात केली की अमुक इतकी मशीन बनवायची तर कुठला पार्ट किती आणि कधी मागवायचा. त्याला एमआरपी म्हणायचे, पाकिटावरची एमआरपी नव्हे, मटेरियल रिक्वायरमेंट प्लॅनिंग. जोसेफ ऑर्लिकी हे त्यातलं मोठं नाव. पुढे त्यात मशीन, माणसं, पैसे जोडले गेले. तिकडे जर्मनीत आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ ला सॅप ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली होती, आणि ईआरपी हे नाव तर बरंच नंतर, १९९० ला गार्टनर कंपनीने दिलं. पण मूळ प्रश्न तोच राहिला. ५० बॉक्सची ऑर्डर आली, शीट आहे, हिंज आहे, लॉक आहे, गॅस्केट १२ मीटरच उरलंय हे आज कळणार की डिस्पॅचच्या दिवशी? तुमच्याकडे पावडर कोटिंग होऊन तयार बॉक्स फक्त गॅस्केटसाठी अडकून पडलेत असं होतंच असणार, सगळ्यांकडे होतं.

तर कोणाचं ऐकायचं? मुलाचं, पण लगेच नाही. आधी दोन महिने जे आहे त्यातच एक शिस्त लावून बघा, पीओशिवाय माल गेटच्या आत नाही आणि स्लिपशिवाय स्टोअरच्या बाहेर नाही. फोनवर ऑर्डर दिलीत तरी संध्याकाळपर्यंत लेखी पीओ निघाला पाहिजे. हे तुम्हाला स्वतःला जमलं, भावाला जमलं, तर सॉफ्टवेअर घ्या, पैसे वसूल होतील. नाही जमलं तर मग काय, चार वह्यांत पाचवी.

प्रश्न : वाशी एपीएमसीत मसाल्याचा होलसेल धंदा आहे, एक गाळा, दोन गोडाऊन, आम्ही दोघे भाऊ आणि ५ माणसं. एक जण रोज येऊन सांगतो ईआरपी घ्या नाहीतर मागे पडाल. घ्यावा का?

उत्तर : नको. माल येतो तसाच जातो, तुमच्याकडे बनत काही नाही. गोडाऊनवाईज स्टॉक, लॉट नंबर आणि उधारीची वयवारी (कोणाची उधारी किती दिवस जुनी) ही तीन कामं साध्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये होतात. उद्या स्वतःच्या ब्रँडने पॅकिंग सुरू केलंत, म्हणजे हळदीच्या पोत्यातून २०० ग्रॅमची पाकिटं, वर लेबल, खाली खोका, तेव्हा परत पत्र लिहा.

प्रश्न : मॅडम, वागळे इस्टेटमध्ये आमचं मशीनिंगचं युनिट आहे, मी अकाउंट आणि जीएसटी बघते. आमचा माल प्लेटिंगला, हार्डनिंगला, ग्राइंडिंगला बाहेर जातो, कधी तिथूनच पुढच्या जॉबवर्करकडे जातो, परत येतो तेव्हा नग कमी असतात, चलन (मालासोबत पाठवायचा कागद) कुठल्या पुस्तकातलं ते सापडत नाही. आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म) भरायच्या वेळी मी अक्षरशः रडकुंडीला येते. ईआरपीने हे सुटेल का?

उत्तर : हो ताई, मला विचाराल तर तुमच्यासारख्या युनिटला ईआरपी घ्यायचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे, बाकीचे फायदे वरचे.

बाहेर गेलेला माल तुमचाच असतो, फक्त जागा बदललेली असते. चलनबुकात तो गेला म्हणजे गेला. ईआरपीत जॉबवर्कर हे एक गोडाऊन म्हणून उभं करतात, चलन केलं की तुमच्या स्टोअरमधून २०० शाफ्ट कमी आणि प्लेटिंगवाल्याच्या नावावर २०० जमा, तिथून ग्राइंडिंगवाल्याकडे परस्पर गेले तर त्या नावावरून या नावावर, परत १९४ आले तर ६ अजून कोणाकडे ते नावासकट समोर. आज ते ६ तुम्ही फोन करून शोधता आणि पलीकडचा म्हणतो आमच्याकडून सगळे गेले.

आता कायदा. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल १ वर्षात परत यायला हवा किंवा तिथूनच विकला गेला पाहिजे, कॅपिटल गुड्स (मशीन वगैरे) असतील तर ३ वर्षं (डाय, मोल्ड, जिग, फिक्श्चर यांना ही मुदत नाही). मुदत गेली तर ज्या दिवशी माल पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरतात, म्हणजे टॅक्स तर येतोच आणि व्याज मागच्या तारखेपासून. लोकांना वाटतं मुदत संपल्यापासून व्याज लागेल, तसं नाहीये. आयटीसी-०४ उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. तो फॉर्म म्हणजे तुमच्या चलनबुकाचीच नक्कल आहे, चलनं नीट असतील तर तासाभराचं काम आणि नसतील तर तुम्ही लिहिलंय तसं.

एक सावधगिरी. डेमोला "एका जॉबवर्करकडून थेट दुसऱ्याकडे" हे करून दाखवा म्हणा. बऱ्याच सॉफ्टवेअरवाल्यांची गाडी इथेच अडते, ते म्हणतात आधी तुमच्याकडे आला असं दाखवा मग परत पाठवा. तसं दाखवलंत तर न आलेल्या मालाचा जीआरएन तुमच्या सहीने होतो, आणि ऑडिटला ते तुम्ही समजावत बसणार, तो नाही.

प्रश्न : आता कायद्यानेच ईआरपी सक्तीचा केलाय असं आमच्या ग्रुपमध्ये फिरतंय, खरं आहे का? ई-इन्व्हॉइसचंही सांगा. (घोडबंदर रोड, तुर्भे आणि अंबरनाथहून आलेली पत्रं एकत्र केलीत.)

उत्तर : नाही हो. ईआरपी घ्या असा कुठलाही कायदा नाही, विकणारे असं अर्धवट सांगतात कारण भीतीने चेक लवकर निघतो.

ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणं, २०२० च्या ऑक्टोबरला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झालं आणि पायरी पायरीने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलं. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षात ५ कोटी ओलांडले असतील तर लागू, यावर्षी धंदा पडला तरी सुटका नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि वरच्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर टाकावंच लागतं, नंतर पोर्टल घेतच नाही. हे सगळं टॅलीतून होतं, सरकारी पोर्टलवर हातानेही होतं. ई-वे बिलही (मालाच्या वाहतुकीसाठी पोर्टलवरून काढायचा कागद) तसंच, ५० हजारांच्या वरचा माल, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा.

ऑडिट ट्रेलची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेडलाही, असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसकट नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. पार्टनरशिप किंवा प्रोप्रायटर असाल तर हा नियम तुम्हाला नाही. यालाही ईआरपीच पाहिजे असं नाही, पण तुमचं कोणीतरी ओळखीच्याने २००९ ला बनवून दिलेलं सॉफ्टवेअर असेल तर ते चालणार नाही.

ज्या दोन गोष्टींकडे कोणीच बघत नाही त्या सांगते. पहिली, मायक्रो आणि स्मॉल सप्लायरचे पैसे. २०२३-२४ पासून नियम असा की अशा सप्लायरला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत, आणि वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरत नाहीत, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. आता बघा, हे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नसतात, माल ताब्यात घेतल्यापासून मोजायचे. माल कधी ताब्यात आला हे कोणाला माहिती? गेटच्या वॉचमनला! आणि ती तारीख टॅलीत कुठेच नाही, तिथे बिलाची तारीख आहे नाहीतर मुलीने एन्ट्री केली ती तारीख. अमुक सप्लायर उद्यम नोंदणीवर (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मायक्रो आहे, माल अमुक दिवशी आत आला, आज ३८ वा दिवस आहे, हे तिन्ही एका जागी असल्याशिवाय तुम्ही वेळेत चेक काढूच शकत नाही.

दुसरी गोष्ट बँक. कॅश क्रेडिट असलेले सगळे दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतात, ड्रॉइंग पॉवर (बँकेतून किती पैसे उचलता येतील ती मर्यादा) त्यावर ठरते, आणि तो आकडा कसा तयार होतो हे मला वाचकांनी सांगायची गरज नाही, मागच्या महिन्याची फाइल उघडायची आणि थोडा इकडे तिकडे करायचा. धंदा लहान होता तोवर खपून गेलं. पण कंपनी असेल आणि वर्किंग कॅपिटलची लिमिट ५ कोटींच्या वर गेली असेल तर ऑडिटरला आपल्या रिपोर्टमध्ये लिहावं लागतं की बँकेला तिमाहीला दिलेले आकडे पुस्तकांशी जुळतात का. नसतील जुळत तर तेही तो लिहितो, फरकासकट. पुढच्या रिन्यूअलला बँक मॅनेजर तेच पान आधी उघडतो.

प्रश्न : तळोज्याला आमचं पॅकेजिंगचं युनिट आहे. ईआरपी घेतला, पैसे भरले, ट्रेनिंग झालं, सहा महिने ती मुलं येऊन बसली. आज परिस्थिती अशी की सगळे एक्सेलमध्येच काम करतात आणि महिन्याअखेरीला एक मुलगा बसून सगळं ईआरपीत टाकतो. विकणाऱ्या कंपनीचं नाव लिहिलंय पण छापू नका. चुकलं कुठे? सॉफ्टवेअर बदलू का?

उत्तर : नाव छापलेलं नाही. सॉफ्टवेअर बदलू नका, दुसऱ्याचंही हेच होईल. महिन्याअखेरीला टाकलेला ईआरपी म्हणजे महागडी टॅली. माल हलतो त्या वेळी आणि त्या जागी एन्ट्री झाली तरच याचा उपयोग. तुमचा कॉम्प्युटर कुठे ठेवलाय ते मला सांगा, माझी खात्री आहे तो ऑफिसात एसीत आहे आणि स्टोअर खाली तळमजल्यावर. स्टोअरवाल्याला रीळ उतरवून घेऊन, हमालांना पैसे देऊन, जिना चढून एन्ट्री करायचीय, तो करणारच नाही, मीही केली नसती. आधी एक स्क्रीन आणि एक बारकोडचं मशीन खाली न्या.

मग आयटम मास्टर (सॉफ्टवेअरमधली सगळ्या वस्तूंची यादी) उघडा आणि एकच आयटम शोधा, एम८ चा बोल्ट. तुम्हाला "बोल्ट एम८ बाय २५" सापडेल, "हेक्स बोल्ट ८ एमएम" सापडेल, "एम-८ बोल्ट १ इंच" सापडेल आणि कोणीतरी घाईत टाकलेला नुसता "बोल्ट" सापडेल. चारही एकच. एकात स्टॉक मायनस, दुसऱ्यात ४०० नग पडून, आणि परचेसवाला पहिल्यात बघून परत मागवतो. तुमच्याकडे बोल्टऐवजी फिल्मचे रोल असतील, मायक्रॉन आणि रुंदी वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली असेल, पण भानगड हीच. ही यादी साफ करायला कन्सल्टंट लागत नाही, स्टोअरवाला आणि परचेसवाला समोरासमोर बसले, शेजारी खरा माल ठेवला, की होतं. कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं तेच कोणी करत नाही, ट्रेनी मुलाला जुनी एक्सेल देऊन अपलोड कर म्हणतात.

आणि वाईट वाटून घेऊ नका, मोठमोठ्यांचं झालंय. अमेरिकेतली हर्शी, चॉकलेटवाली, त्यांनी १९९९ ला तीन नवीन सॉफ्टवेअर एकदम सुरू केली, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकायचं ठरवून, आणि सुरू कधी केली तर जुलैत, हॅलोविनच्या ऑर्डरी येण्याच्या तोंडावर. गोदामात चॉकलेट पडलेलं, पण सिस्टिममधून ऑर्डर बाहेर निघेना, १० कोटी डॉलरच्या वरचा माल वेळेत गेला नाही. आपल्याकडे गणपती-दिवाळीच्या सीझनला सॉफ्टवेअर चालू करणारे आहेत त्यांनी हे वाचावं. जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केटवाल्यांचं अजून वेगळं. ते स्टॉकची किंमत खरेदीच्या भावाने धरायचे, सॅपचा तयार ढाचा विक्रीच्या भावाने धरायचा. आम्ही पद्धत बदलणार नाही, सॉफ्टवेअर बदला, असं करत करत सात वर्षांनी, २०१८ ला, प्रोजेक्ट गुंडाळला, खर्च ५० कोटी युरोंच्या घरात. तुमच्या त्या मुलांनी सहा महिन्यांत किती "आमच्याकडे असंच चालतं" म्हणून बदल करून दिले ते मोजा. प्रत्येक बदल चुकीचा नसतो, पण बिलाच्या फॉरमॅटमध्ये लोगो उजवीकडेच पाहिजे यासाठी दोन आठवडे घालवलेले मी बघितलेत.

प्रश्न : सॅप घ्यावं, ओडू घ्यावं की फुकटवालं ईआरपीनेक्स्ट? थेट नाव सांगा.

उत्तर : थेट नाव सांगणार नाही, तुमचा धंदा काय ते तुम्ही लिहिलंच नाहीये. एवढं सांगते की ईआरपीनेक्स्ट आपल्या मुंबईतल्याच कंपनीने बनवलंय, ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे लागत नाहीत, पण सर्व्हर लागतो, बसवणारा लागतो, शिकवणारा लागतो आणि तो फुकट येत नाही. ओडू बेल्जियमचं, त्याची एक आवृत्ती फुकट आणि दुसरी पैशाची, अकाउंटिंगचा बराच भाग पैशाच्या आवृत्तीत आहे हे आधी विचारून घ्या. सॅपचं लहान धंद्यांसाठी बिझनेस वन आहे, तुमचा मोठा कस्टमर तसं मागत असेल तर विचार करा, गाळ्याबाहेर बोर्ड लावायला घेऊ नका.

नावापेक्षा बसवणारा माणूस महत्त्वाचा. त्याला तुमच्या मागच्या वर्षातली सगळ्यात वाईट ऑर्डर द्या, जिच्यात माल दोन हप्त्यांत आला, अर्धा रिजेक्ट झाला, मध्येच रेट बदलला आणि कस्टमरने क्वांटिटी कमी केली, आणि म्हणा ही तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आत्ता माझ्यासमोर चालवून दाखव. त्याच्या डेमोच्या डेटावर सगळंच सुंदर चालतं. दुसरं विचारा, उद्या तुमचं माझं पटलं नाही तर माझा डेटा मला कुठल्या फॉरमॅटमध्ये मिळेल, आणि हे करारात लिहून घ्या. तिसरं, युजरप्रमाणे पैसे असतील तर वॉचमन आणि स्टोअरचा मदतनीसही युजर धरा. पैसे वाचवायला एक लॉगिन सहा जण वापरतात, मग ती एन्ट्री कोणी केली हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

क्लाउड की सर्व्हर असंही दोघांनी विचारलंय. क्लाउड घ्या, पण दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट ठेवा, एमआयडीसीत रस्ता खणला की पहिली केबल तुटते ती तुमचीच.

प्रश्न : मी महाप्याच्या एका कंपनीत बरीच वर्षं स्टोअर सांभाळतो. वय ५२, शिक्षण बारावी, कॉम्प्युटर जेमतेम येतो. नवीन साहेब ईआरपी आणतायत, म्हणतात आता सगळं ऑटोमॅटिक होणार. आम्हाला काढणार का? आणि हे मराठीत असतं का?

उत्तर : काका, काढणार नाहीत अशी हमी मी कुठून देऊ, पण जे बघितलंय ते सांगते. ईआरपी आल्यावर कमी होतात ती एकच गोष्ट तीन वेळा टाईप करणारी माणसं. स्टोअरवाला कमी होत नाही, कारण माल हातात घेऊन हा ५२ चा बेअरिंग आहे की ५५ चा हे सांगणारा तोच असतो. उलट तुमच्यावरचा भार वाढतो, आतापर्यंत तुमच्या रजिस्टरातली चूक तुमच्या रजिस्टरात राहायची, आता तुम्ही ४० च्या जागी ४०० टाकलेत की परचेसवाला ऑर्डर थांबवतो, अकाउंटवाला जास्तीचं बिल पास करतो आणि बँकेला चुकीचा स्टॉक जातो, सगळं पाच मिनिटांत. ऑटोमॅटिक ते हेच.

मराठीचं म्हणाल तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन मराठीत करता येते पण ते मराठी वाचून तुम्ही परत इंग्रजीकडे वळाल. त्यापेक्षा आयटमच्या वर्णनात तुमच्या स्टोअरमधलं बोलीतलं नाव देवनागरीत टाकून मागा, शोधताना ते कामाला येतं. आणि स्क्रीनवर चार-पाचच रकाने ठेवा म्हणा, आयटम, नग, कोणाकडून, कुठल्या रॅकला. बाकीचे वीस रकाने ऑफिसवाल्यांनी भरावेत.

यादी बनवायचं काम सुरू होईल तेव्हा आपणहून पुढे व्हा, बाहेरचा मुलगा तुमच्या रॅकमधल्या वस्तूंना नावं देणार असेल तर पुढची दहा वर्षं तुम्ही ती शोधत बसाल. पहिला स्टॉक मोजायला कंपनी एक दिवस बंद ठेवायला लावा, चालू प्रोडक्शनमध्ये मोजलेला स्टॉक घेऊन सुरुवात केली तर पहिल्या दिवसापासून फरक तुमच्या नावावर. आणि एक अट सगळ्यांसमोर घाला, मीटिंगमध्येच, की स्लिपशिवाय माल कोणालाही नाही, मालकालाही नाही. शनिवारी संध्याकाळी साहेबांनी साइटवर घाईत नेलेला बेअरिंग सोमवारी कोणाच्या पगारातून निघतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहिती आहे.